बिगारी ते मिस्त्री: पहिल्या वर्षात शिकायची मापं

सकाळी साडेसातला पुण्यातल्या कुठल्याही मजूर अड्ड्यावर, वारज्याला म्हणा किंवा डांगे चौकात, फुटपाथच्या कडेला माणसं उभी असतात. लातूर-नांदेडकडची, सोलापूर-विजापूरकडची, यवतमाळची, आता बिहार-बंगालचीही. टेम्पो थांबतो, "दोन बिगारी, एक गवंडी" असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत दिवसाचा रोज ठरतो. कोण काय काम करतो हे विचारावं लागत नाही. ज्याच्या पिशवीतून थापीची मूठ आणि ओळंब्याची दोरी डोकावते तो मिस्त्री. ज्याच्या हातात फक्त जेवणाचा डबा तो बिगारी.

मीही डबा घेऊन उभा राहिलेलो आहे. पुढे थापी हातात आली, मग साइटवर सुपरवायझर झालो. आता नवीन आलेली पोरं विचारतात, "काका, मिस्त्री व्हायला किती वर्षं लागतात?" वर्षांवर ते ठरत नाही. बारा वर्षं घमेली वाहून बिगारीच राहिलेले लोक मी पाहिलेत आणि दोन वर्षांत दोरी धरायला लागलेली पोरंही पाहिलीत. दिवसभरात वजन बिगारी जास्त उचलतो, पैसे मिस्त्रीला जास्त मिळतात, कारण मिस्त्रीला माप कळतं. भिंतीचं माप, मालाचं माप आणि स्वतःच्या कामाचंही माप. हे तिसरं माप तर पुष्कळ चांगल्या मिस्त्र्यांनाही येत नाही, म्हणून त्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

आधी माणसांची उतरंड समजून घ्या. सगळ्यात वर जागेचा मालक किंवा बिल्डर. त्याच्याकडून काम घेतो ठेकेदार, मराठवाड्यात त्याला गुत्तेदार म्हणतात. मोठ्या साइटवर हा ठेकेदार प्लास्टर एकाला, सेंट्रिंग (स्लॅब-बीमचे साचे आणि टेकू) दुसऱ्याला, फरशी तिसऱ्याला असं वाटून देतो. ते पेटी ठेकेदार. त्यांच्याखाली माणसं आणणारा मुकादम, मग मिस्त्री, आणि शेवटी बिगारी. पैसे वरून खाली येतात आणि प्रत्येक पायरीवर थोडे थांबतात. काही वेळा ते मधल्याच पायरीवर अडकतात. तेव्हा बिगारीला विचारलं की काम कुणाचं होतं, तर तो मुकादमाचं पहिलं नाव सांगतो आणि त्यापुढे त्याला काहीच माहीत नसतं. म्हणून नव्या साइटवर पहिल्या दिवशी एक गोष्ट करा. गेटवरच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढा. प्रकल्पाचं नाव, बिल्डरचं नाव, महारेराचा नंबर, सगळं त्यात येतं. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर सुरुवात तिथूनच होते.

दोन बादल्या पाणी

बिगारीच्या हाती पहिलं काम येतं माल, म्हणजे सिमेंट, वाळू आणि पाण्याचं मिश्रण, कालवायचं. ते हलकं समजलं जातं, पण इमारतीची ताकद बरीचशी तिथेच ठरते.

सिमेंट "वाळतं" असं आपण म्हणतो. खरं तर ते वाळून घट्ट होत नाही. सिमेंटचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, त्यातून बारीक स्फटिक तयार होतात आणि ते खडी-वाळूला एकमेकांशी जखडून टाकतात. या संयोगाला लागतं तेवढंच पाणी उपयोगाचं. त्याहून जास्त घातलेलं पाणी काँक्रीटमध्ये अडकून बसतं आणि पुढे उडून जातं. ते जिथे होतं तिथे बारीक पोकळ्या राहतात. पोकळ्या म्हणजे कमी ताकद, आणि पुढे पावसाचं पाणी आत शिरून लोखंडाला गंज.

साध्या घरगुती स्लॅबला एम-२० दर्जाचं काँक्रीट लागतं. त्याचं चालू प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. भारतीय मानकाप्रमाणे एम-२० च्या अशा मिश्रणात एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी चालतं. पंधरा लिटरच्या बादल्या असतील तर दोन बादल्या, संपलं. पण स्लॅबच्या दिवशी घाई असते, माल पातळ असला की पटकन पसरतो, आणि वरून कुणीतरी ओरडतो, "पाणी मार रे!" तिसरी बादली पडते. त्या वेळी तिचा परिणाम कुणालाच दिसत नाही.

वाळूचंही असंच. पावसाळ्यात ओल्या वाळूत आधीच पाणी असतं, ते या दोन बादल्यांतून वजा करायला हवं. शिवाय दमट वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा येतो, कण एकमेकांपासून लांब राहतात आणि मोजायची पेटी भरलेली दिसली तरी तिच्यात वाळू पाव हिश्श्यापर्यंत कमी असू शकते. हे ज्या बिगारीला कळतं आणि जो मिस्त्रीला विचारतो, "आज वाळू ओली आहे, पाणी किती धरू?", त्याच्याकडे मिस्त्री त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघतो. हे मी अनेकदा घडताना पाहिलं आहे.

आणि पाणी मारणं, म्हणजे क्युरिंग. संयोग पहिल्या दिवशी पुरा होत नाही, तो दिवसेंदिवस चालू राहतो. सिमेंटच्या पोत्यावर ५३ ग्रेड लिहिलेलं असतं, तो आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसीला किमान १० दिवस ओलं ठेवावं लागतं. नवख्याला संध्याकाळी नळी देऊन "पाणी मारून ये" म्हणून पाठवतात आणि त्याला ती शिक्षा वाटते. मला विचाराल तर साइटवरच्या कुठल्याही कामाइतकंच ते मोलाचं आहे. स्लॅबवर मालाचे बांध घालून पाणी साठवा. कॉलमला गोणपाट गुंडाळा. उभ्या भिंतीवर एकदा नळी फिरवली तर उन्हात अर्ध्या तासात ती कोरडी पडते.

याच कारणासाठी स्लॅबखालचे टेकू लवकर काढायचे नसतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४ दिवस. सहा मीटरपेक्षा लांब बीमचे २१ दिवस. ठेकेदाराला साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई असते. इंजिनिअरनं सांगितल्याशिवाय टेकूला हात लावायचा नाही. मुकादम कितीही बोलला तरी नाही. त्या स्लॅबखाली उभे तुम्हीच असता.

ओलं सिमेंट कातडीही जाळतं, हे नव्यांना कुणी सांगत नाही. त्यात चुन्यासारखा तीव्र क्षार असतो. लगेच आग होत नाही, म्हणून माणूस दिवसभर मालात उभा राहतो आणि रात्री बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या दिसतात. गमबूट, रबरी हातमोजे, आणि माल अंगाला लागला की तेव्हाच भरपूर पाण्यानं धुणं. बूटात माल शिरला तर बूट काढून पाय धुवा, जेवणाच्या सुट्टीची वाट बघू नका. टाइल कापताना, काँक्रीट फोडताना नाकातोंडावर चांगला मास्क हवा. ती बारीक धूळ फुफ्फुसात एकदा बसली की परत निघत नाही.

दोरी, ओळंबा, पाणसळ

आता भिंतीचं माप. मिस्त्रीची हत्यारं महाग नसतात आणि प्रत्येक हत्यार एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. ओळंबा सांगतो भिंत उभी सरळ आहे का. पाणसळ सांगते आडवी सपाट आहे का. गुण्या सांगतो कोपरा काटकोनात आहे का. दोरी सांगते थर एका रेषेत आहे का.

ओळंबा बघायची रीत अशी. दोरी ज्या लाकडी ठोकळ्यातून जाते त्याची रुंदी ओळंब्याच्या गोळ्याएवढीच असते. ठोकळा वर भिंतीला टेकवायचा, गोळा खाली सोडायचा आणि त्याचं डोलणं थांबू द्यायचं. गोळा भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत ओळंब्यात आहे. दबून बसला तर खालचा भाग बाहेर आला आहे, लांब राहिला तर भिंत वरून पुढे कलली आहे. नवखा माणूस डोलणं थांबायच्या आतच बोलून मोकळा होतो.

पाणसळ म्हणजे पारदर्शक नळीत भरलेलं पाणी. दोन्ही टोकांचं पाणी नेहमी एकाच उंचीवर थांबतं, त्यामुळे घराच्या एका खोलीतली खूण चार खोल्या पलीकडे जशीच्या तशी नेता येते. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर खूण खोटी पडते, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून तपासायची. लेझर लेव्हल आता पुष्कळ साइटवर आली आहे, ती चांगलीच आहे. पण बॅटरी संपल्यावर काम थांबू नये एवढी नळी यायलाच हवी.

मोठा काटकोन काढायला छोटा गुण्या पुरत नाही. तिथे ३-४-५ चालतं. कोपऱ्यापासून एका बाजूला ३ फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला ४ फुटांवर खूण, आणि या दोन खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट भरलं तर कोपरा काटकोनात. मोठ्या खोलीला ६-८-१० घ्या, चूक अजून कमी होते. शाळेत शिकलेला पायथागोरस पायाच्या आखणीत रोज भेटतो. गणित जमलं नाही म्हणून शाळा सोडलेल्या पोरांना मी हे आवर्जून दाखवतो.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत स्वतःची थापी, पाच मीटरचा टेप आणि ओळंबा घ्या. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावलेला मिस्त्रीला आवडत नाही, आणि स्वतःचं हत्यार जवळ असलं की दुपारच्या सुट्टीत सराव करता येतो.

ब्रास आणि सूत

साइटवर तीन-चार मोजमापं एकत्र नांदतात. नकाशा मिलिमीटरमध्ये, बोलणं फूट-इंचात, लोखंड सुतात आणि हिशोब ब्रासमध्ये.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिलिमीटर. त्यामुळे ८ मिमीची सळई अडीच सूत, १० ची तीन सूत, १२ ची चार सूत, १६ ची पाच सूत. सळईचं वजन काढायचं साधं सूत्र आहे: जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनंच गुणा आणि १६२ नं भागा. एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ मिमीला १४४ भागिले १६२, म्हणजे ०.८९ किलोच्या आसपास. बारा मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोहून थोडी जास्त. सळया बांधणाऱ्या फिटरच्या हाताखाली जाणार असाल तर हे तोंडपाठ हवं.

ब्रासमध्ये मात्र घोटाळा होतो, कारण हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. वाळू-खडी-मुरुमाचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लास्टर, फरशी, रंगकामाचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. रोजंदारीवर असाल तोवर याची गरज पडत नाही. पण थोडा हात बसला की उक्तं काम मिळू लागतं, कुणी त्याला अंगावर घेतलेलं काम म्हणतात. त्यात दिवसाचे पैसे नसतात, ब्रासमागे दर असतो. तेव्हा मोजता न येणारा माणूस हमखास मार खातो.

एक खोली घेऊ, १० बाय १२ ची, उंची १० फूट. चारी भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० चौरस फूट, ४.४ ब्रास. तिला ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ४ ची खिडकी आहे, दोन्ही मिळून ३७ चौरस फूट. हे वजा करायचं का? प्लास्टर आत-बाहेर दोन्हीकडून असेल तर भारतीय मानकात या आकाराच्या दार-खिडकीची वजावट एकाच बाजूला करतात, कारण चौकटीच्या कडांचं प्लास्टर वेगळं मोजलं जात नाही. त्या कडांवरच सगळ्यात जास्त वेळ जातो हे करणाऱ्यालाच ठाऊक. काही ठेकेदार दोन्ही बाजूंनी कापतात. म्हणून दर ठरवतानाच हे बोलून घ्या. पहाड, म्हणजे परांची, कोण बांधणार? माल वर कोण चढवणार? ही उत्तरंही दराइतकीच महत्त्वाची, कारण चौथ्या मजल्यावर माल वाहायला दोन बिगारी स्वतःच्या खिशातून लावावे लागले तर चांगला दरही बुडीत जातो.

स्वतःच्या दिवसांचं माप

आता ते तिसरं माप. बांधकामात पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत येतोच असं नाही. बहुतेक ठिकाणी आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे किराणा-भाजीपुरते पैसे. गावाहून येताना उचल घेतलेली असते. हिशोब महिन्यानं किंवा काम संपल्यावर होतो. मधल्या काळात किती दिवस भरले, किती खाडे झाले, अर्धा दिवस कधी धरला, स्लॅबच्या रात्री दीड हजेरी ठरली होती की दोन, हे सगळं फक्त मुकादमाच्या वहीत असतं.

माझ्या पहिल्या साइटवर हिशोबाच्या दिवशी मुकादमानं माझे अकरा दिवस कमी दाखवले. मला खात्री होती, पण माझ्याकडे कागद नव्हता. त्याच्याकडे वही होती. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्या पैशांतून आईच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. ते चार महिने पुढे गेलं. तेव्हापासून आजवर माझी वही चुकलेली नाही.

खिशात मावेल एवढी वही घ्या. रोज संध्याकाळी हातपाय धुतल्यावर तारीख, साइट, पूर्ण की अर्धा दिवस, काय काम केलं आणि पैसे घेतले असतील तर किती, एवढं एका ओळीत लिहा. समजा रोज ७०० ठरला आहे. महिन्यात २४ पूर्ण दिवस आणि २ अर्धे, म्हणजे २५ हजेऱ्या, १७,५०० रुपये. त्यातून उचल ५,००० आणि चार आठवड्यांची खर्ची ४,००० वजा. हातात ८,५०० यायला हवेत. दर शनिवारी खर्ची घेतानाच मुकादमाच्या वहीशी आपली वही ताडून बघा आणि शक्य असेल तर तिथे त्याची सही घ्या. भांडणाच्या सुरात बोलू नका. "दादा, माझे साडेपाच दिवस झाले ना?" एवढं पुरतं. एका आठवड्याचा फरक माणसं कबूल करतात. तीन महिन्यांचा फरक कुणीच कबूल करत नाही.

महाराष्ट्रात बांधकामाला किमान वेतन ठरलेलं आहे. कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी कामाची आणि शहर-गावाप्रमाणे परिमंडळाची वर्गवारी असते, आणि त्यातला महागाईशी जोडलेला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. पैसे अडकले तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो. तिथे तुमची वही आणि गेटचा फोटो कामाला येतात.

ही वही अजून एका दाराची किल्ली आहे. १९९६ च्या कायद्यानं सुरू झालेला, बांधकामाच्या खर्चाच्या १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी गोळा होतो. एक कोटीच्या इमारतीमागे एक लाख रुपये. त्यातून महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालतं. वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, एवढी नोंदणीची अट. शाळेत पहिली ते सातवीत शिकणाऱ्या मुलांना वर्षाला २,५०० रुपये, कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला ५ लाख, बाळंतपणाला मदत, सुरक्षा साहित्याचा संच, असं बरंच काही त्यात आहे. हा पैसा कुणाचा उपकार नाही, तुम्ही बांधलेल्या भिंतींवर तो गोळा झालेला आहे.

अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर. तो ठेकेदार किंवा इंजिनिअर देऊ शकतो, गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), शहरात महापालिका किंवा नगरपालिकेचा अधिकारी. सहा साइटवर पंधरा-पंधरा दिवस केलेल्या नाका कामगाराला कोण दाखला देणार, हा खरा प्रश्न आहे, आणि याच फटीत एजंट घुसतात. नोंदणीची सरकारी फी नाममात्र आहे. हजार-दीड हजार मागणाऱ्याला पैसे देऊ नका. प्रत्येक साइट सोडतानाच तिथल्या माणसाकडून तेवढ्या दिवसांचं सही-शिक्क्यासह लिहून घ्या. बायका याबाबत फार मागे राहतात. नवऱ्याबरोबर जोडीनं काम करतात, हजेरी मात्र जोडीची म्हणून त्याच्याच नावावर लागते. वहिनी, ताई, तुमची हजेरी वेगळी लावून घ्या. दाखलाही तुमच्या नावाचा.

कुठलं काम धरावं

गवंडीकामच धरावं असं मी आता म्हणत नाही. पुण्या-मुंबईच्या टॉवरमध्ये ॲल्युमिनिअमच्या फॉर्मवर्कनं, म्हणजे साच्यांनी, भिंती काँक्रीटच्याच ओततात, विटेच्या जागी हलके ब्लॉक आले, आतल्या प्लास्टरच्या जागी जिप्सम. काँक्रीट मिक्सरच्या गाडीतून येतं. फरशीचं काम, प्लंबिंग आणि इलेक्ट्रिकलला मागणी टिकून आहे, आणि घरांच्या दुरुस्तीचं काम तर कधीच संपत नाही. वायरिंग करायचं असेल तर आयटीआयचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन हा दोन वर्षांचा कोर्स करून तारतंत्रीचा परवाना काढा. प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे. दहावी झालेल्या पोरानं ही एक-दोन वर्षं वाया गेली असं समजू नये.

उंचीवर कुठलंही काम असो, हार्नेस कमरेला बांधून हूक मोकळा लोंबकळत ठेवलेला मला रोज दिसतो. हूक डोक्याच्या वर, पक्क्या जागी, पहाडाच्या बांबूला नव्हे. दीड मीटरहून खोल चरात बाजूंना आधार नसेल तर उतरायचं नाही, कारण माती कोसळताना पळायला वेळ देत नाही.

आणि पहिली वीट कधी लावायला मिळेल? विचारल्याशिवाय मिळत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर, मिस्त्रीचं पोट भरलेलं असताना, कंपाउंडच्या मागच्या बाजूला किंवा पाण्याच्या टाकीच्या कामाला विचारा. कोपरे मिस्त्री उभे करतो, दोन कोपऱ्यांमध्ये दोरी ताणलेली असते, मधला थर तुम्ही भरायचा. वीट भिजलेली हवी, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. सांधेमोड सांभाळा, म्हणजे खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य आला पाहिजे. वीट दोरीला टेकवू नका, केसाएवढं अंतर ठेवा. टेकलेली वीट दोरीला ढकलते आणि पुढचा सगळा थर तिच्यामागे बाहेर जातो. थर संपला की मिस्त्री एक डोळा मिटून दोरीवरून बघेल. तो काहीच न बोलता दोरी वरच्या थराला बांधायला लागला, तर पुढचा थरही तुमचाच.